हवेतलं बाष्प आणि रॅडिकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की ओझोन, नायट्रोजन ऑक्साइड, धूलिकण ही नावं पटापट पुढे येतात. बाष्पाकडे मात्र आपण हवामान खात्याचा विषय म्हणून बघतो: उकाडा, घाम, पाऊस, संपलं. प्रत्यक्षात हवेतली बरीचशी रासायनिक उलथापालथ ज्या अल्पायुषी रॅडिकलांच्या जोरावर चालते, त्यांच्या जन्मापासून शेवटापर्यंत पाण्याचा हात असतो. बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल तर पुढचं सगळं कळेल. आठवत नसेल तरी फारसं अडणार नाही.

रॅडिकल म्हणजे नेमकं काय?

ज्या अणूत किंवा रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना सुटा राहिलेला असतो, तो रॅडिकल. पाठ्यपुस्तकात याला मुक्त मूलक म्हणतात. सुट्या इलेक्ट्रॉनमुळे तो कमालीचा उतावळा असतो. समोर येईल त्या रेणूतून काहीतरी ओढून घेतो किंवा त्याला जाऊन चिकटतो.

आपल्याला इथे मुख्यतः दोघांशी काम आहे. एक हायड्रॉक्सिल: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, म्हणजे पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन काढला की उरतो तो. दुसरा हायड्रोपेरॉक्सी: दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन. हायड्रॉक्सिल जमिनीलगतच्या हवेत जेमतेम सेकंदभर टिकतो. भर दुपारीही एका घन सेंटिमीटर हवेत त्याचे काही दशलक्षच रेणू सापडतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्याच जागेत हवेचे एकूण रेणू बघितले तर दर काही लाख कोटी रेणूंमागे हायड्रॉक्सिल एखादाच. तरीही कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन हवेतून नाहीसे होतात ते प्रामुख्याने याच्यामुळे. हे दोन्ही वायू पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, त्यामुळे पावसाने धुऊन निघण्याचा मार्ग त्यांना बंद आहे.

शरीरातले फ्री रॅडिकल म्हणतात ते हेच का?

हायड्रॉक्सिल दोन्हीकडे तोच. बाकी सगळं वेगळं.

उन्हाने बाष्पाचा रेणू थेट फुटतो आणि हायड्रॉक्सिल मिळतो, असं समजायचं का?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. पाण्यातला पहिला हायड्रोजन तोडायला मोलमागे सुमारे ४९७ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांतच असते. जमिनीपर्यंत पोचणारं ऊन मात्र साधारण २९० नॅनोमीटरपासून पुढचं. त्याखालचे किरण वरचा ओझोन आणि ऑक्सिजन गिळून टाकतात. म्हणजे दादरच्या चौपाटीवर कितीही कडक ऊन पडलं तरी तिथल्या बाष्पाचा रेणू उन्हाने फुटत नाही. तो थेट फुटतो तो फार वर, मध्यांबरात (स्थितांबराच्याही वरचा थर), जिथे १२१.६ नॅनोमीटरचे सौर किरण पोचतात.

मग खालच्या हवेत हायड्रॉक्सिल येतो कुठून?

ओझोनच्या मदतीने. सुमारे ३२० नॅनोमीटरखालच्या अतिनील किरणांनी ओझोनचा रेणू फुटतो आणि त्यातून ऑक्सिजनचा एक उत्तेजित अणू सुटतो. या अणूजवळ नेहमीच्या ऑक्सिजन अणूपेक्षा जास्त ऊर्जा असते. त्याच्यापुढे दोन वाटा. बहुतेक वेळा तो नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूवर आदळतो, ऊर्जा गमावून थंड होतो आणि पुन्हा ओझोनच होऊन बसतो. पण वाटेत पाण्याचा रेणू भेटला, तर त्याचा एक हायड्रोजन खेचून घेतो आणि एकाच्या जागी दोन हायड्रॉक्सिल तयार होतात.

खालच्या हवेत ही साखळी जोरात चालत असणार, हे अमेरिकेच्या हायरम लेव्ही यांनी १९७१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. त्याआधी रॅडिकलांचं रसायनशास्त्र म्हणजे वरच्या थरांचा मामला, अशीच साधारण समजूत होती. लेव्हींच्या त्या छोट्या लेखाने तपांबराचं, म्हणजे जमिनीलगतच्या सगळ्यात खालच्या थराचं, सगळं चित्र फिरवलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आर्द्रतेने किती फरक पडतो? आकड्यात सांगाल?

सांगतो. पावसाळ्यातली मुंबई घ्या: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. हवेचा सुमारे ३.४ टक्के भाग बाष्पाचा. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी त्या उत्तेजित अणूचे प्रयोगशाळेत मोजलेले वेग वापरून हिशोब केला, तर साधारण सहातला एक अणू पाण्याला सापडतो. आता हिवाळ्यातल्या नागपूरची दुपार घ्या: २५ अंश, ३० टक्के. बाष्प हवेच्या एक टक्क्याच्या आसपास. तिथे अठरातला एखादाच अणू पाण्याला सापडतो. बाकीचे थंड होऊन परत जातात.

म्हणजे एवढ्या एका पायरीवर तिपटीचा फरक. पण यावरून ‘मुंबईत पावसाळ्यात हायड्रॉक्सिल तिप्पट’ असा निष्कर्ष काढू नका. पावसाळी ढग अतिनील किरण अडवतात, ओझोन मुळातच कमी असतो, शिवाय हायड्रॉक्सिलला खाऊन टाकणारे वायू किती आहेत यावरही शिल्लक ठरते. उत्पादन वेगळं, शिल्लक वेगळी. ऊन, बाष्प आणि स्वच्छ आकाश तिन्ही एकत्र हवं असेल तर उष्ण कटिबंधातला समुद्र बघावा. जगातल्या मिथेनचा मोठा हिस्सा तिथल्याच हवेत संपतो.

पाण्याचा रेणू रॅडिकलला नुसता चिकटूनही बसतो म्हणतात. हे काय प्रकरण आहे?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच, त्यामुळे थोडं सविस्तर.

हायड्रोपेरॉक्सी रॅडिकल हायड्रोजन बंध करण्यात पटाईत आहे. त्याचा हायड्रोजन पाण्याच्या ऑक्सिजनकडे तोंड करून बसतो आणि दोघांची सैलसर जोडी तयार होते. सैलसर म्हटलं तरी अगदीच कच्ची नाही: ती मोडायला मोलमागे ३० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. पाण्याचे दोन रेणू एकमेकांना धरून बसतात तेव्हा लागते १३ च्या आसपास. जपानी संशोधकांनी २००६ साली सूक्ष्मलहरींच्या वर्णपटात या जोडीची खूण प्रत्यक्ष टिपली. तोवर तिचं अस्तित्व बरंचसं गणितावर आणि अप्रत्यक्ष पुराव्यावर उभं होतं. दमट हवेत सुमारे पाचातला एक हायड्रोपेरॉक्सी असा पाण्यासोबत असू शकतो.

त्याने होतं काय? दोन हायड्रोपेरॉक्सी एकमेकांना भेटले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन तयार होतो. रॅडिकलांची साखळी संपण्याचा हा एक मोठा दरवाजा. दोघांपैकी एक पाण्याच्या जोडीत असेल, तर ही अभिक्रिया कितीतरी झपाट्याने होते. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत हे लक्षात आलं: कोरड्या वायूत एक वेग मिळायचा, बाष्प सोडलं की दुसरा. आज वातावरणाच्या संगणकीय प्रतिकृतींत (मॉडेल्समध्ये) यासाठी एक ठरलेला गुणक वापरतात. तो वर दिलेल्या मुंबईच्या हवेला लावला तर वेग कोरड्या हवेच्या सुमारे २.६ पट निघतो, नागपूरच्या दुपारी दीडपट.

गंमत अशी की इथे पाणी दोन्ही बाजूंनी खेळतं. एका टोकाला हायड्रॉक्सिल जन्माला घालतं, दुसऱ्या टोकाला रॅडिकलांचा शेवट लवकर घडवून आणतं. ‘बाष्प वाढलं की हवेची ऑक्सिडीकरणाची ताकद वाढते’ असं सरधोपट वाक्य वाचलं की मला म्हणूनच जरा खटकतं.

म्हणजे पाणी उत्प्रेरक आहे?

इथे जपून बोलायला हवं. २००७ साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग आला. हायड्रॉक्सिल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड यांची अभिक्रिया अतिथंड वायूत पाण्याच्या उपस्थितीत जास्त वेगाने होते, असं त्यात दिसलं. पाण्याचा रेणू अभिक्रियेतला ऊर्जेचा अडथळा खाली आणतो, हे त्यामागचं स्पष्टीकरण. त्यानंतर संगणकावर ‘अमुक अभिक्रियेवर पाण्याच्या एका रेणूचा परिणाम’ अशा गणितांचा पूर आला.

प्रश्न असा: अडथळा खाली आला, हे ठीक. पण त्या क्षणी पाण्याला चिकटलेले रेणू आहेत तरी किती? हायड्रॉक्सिल आणि पाण्याची जोडी हायड्रोपेरॉक्सीच्या जोडीपेक्षा कच्ची आहे. आपल्याकडच्या तापमानाला शंभरातला एकही हायड्रॉक्सिल जोडीत सापडणं कठीण. मूठभर जोड्या दुप्पट वेगाने धावल्या म्हणून एकूण वेग हलत नाही. जोडीतली अभिक्रिया कित्येक पटींनी जलद असेल तरच फरक दिसेल. असा शोधनिबंध वाचताना मी आधी जोड्यांचं प्रमाण कुठे दिलंय ते शोधतो. ते नसेल, तर गणित सुंदर असूनही हवेत त्याचा उपयोग काय, हे कळत नाही.

खरी, निर्विवाद उदाहरणंही आहेत. गंधकाचा ट्रायऑक्साइड पाण्याशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतो, तेव्हा पाण्याचा एक रेणू पुरत नाही. दुसरा मदतीला असावा लागतो; तो हायड्रोजन इकडून तिकडे पोचवतो आणि स्वतः जसाच्या तसा बाहेर पडतो.

पाण्याच्या जुळ्या रेणूंना खरंच काही महत्त्व आहे का?

जुळा म्हणजे एकमेकांना धरून बसलेले पाण्याचे दोन रेणू. दमट हवेतसुद्धा पाण्याच्या हजारेक रेणूंत एखाद-दुसराच जुळा असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. क्रीगी मध्यस्थ नावाच्या अल्पायुषी रेणूंनी ते बदललं.

झाडांतून निघणारी, दुहेरी बंध असलेली संयुगं ओझोनशी भिडली की अल्पकाळ टिकणारे हे मध्यस्थ तयार होतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगी यांनी त्यांची कल्पना १९४९ मध्ये मांडली. काटेकोरपणे बघितलं तर ते नेहमीच्या अर्थाने रॅडिकल नाहीत, पण त्यांच्यातले काही फुटून हायड्रॉक्सिल देतात, तेही रात्री, उन्हाशिवाय. म्हणून ते या चर्चेत येतात. २०१५ साली तैवानमधल्या गटाने सर्वांत साध्या क्रीगी मध्यस्थाचा बाष्पाशी होणारा वेग थेट मोजला. त्यातून दिसलं की त्याला संपवण्याचं काम एकट्या पाण्याच्या रेणूपेक्षा जुळे रेणू करतात, आणि इतक्या वेगाने की दमट हवेत हा मध्यस्थ मिलिसेकंदभरही टिकत नाही. आणि बाष्प दुप्पट झालं की जुळे चौपट होतात. त्यामुळे कोरड्या आणि दमट हवेतला फरक इथे फार टोकाचा.

सगळे क्रीगी मध्यस्थ असे नाहीत. आकाराने मोठ्या काहींना पाणी फारसं लागू पडत नाही. ते आपले आपण फुटतात.

पावसाळ्यात आपल्याकडे ओझोन कमी का होतो? पाऊस तो धुऊन काढतो का?

ओझोन पाण्यात फार कमी विरघळतो, त्यामुळे धुऊन काढण्याचा भाग किरकोळ. पुण्यासारख्या शहरात वर्षातला सगळ्यात कमी ओझोन नैर्ऋत्य मोसमी पावसात दिसतो आणि सगळ्यात जास्त त्याआधीच्या उन्हाळ्यात. ढगांमुळे ऊन कमी, हे एक कारण. दुसरं कारण, वारा अरबी समुद्रावरून येतो.

त्या समुद्री हवेत नायट्रोजन ऑक्साइड अगदी कमी असतात. ते भरपूर असते तर हायड्रोपेरॉक्सीने नायट्रिक ऑक्साइडशी अभिक्रिया केली असती आणि शेवटी नवा ओझोन तयार झाला असता. शहराच्या धुरात हेच होतं. स्वच्छ समुद्रावर मात्र तो ओझोनवरच हल्ला करतो. शिवाय पाण्याला भेटलेला प्रत्येक उत्तेजित ऑक्सिजन अणू म्हणजे कायमचा गेलेला एक ओझोन रेणू. बाष्प जितकं जास्त, तितकी ही गळती मोठी. उष्ण समुद्रावर दिवसाकाठी ओझोन असा झिजत राहतो आणि ती झिजलेली हवा कोकण ओलांडून घाटावर येते.

रात्री ऊन नसताना पाण्याला काही काम असतं?

असतं, पण वायूपेक्षा ओल्या पृष्ठभागांवर. रात्री शहराच्या हवेत डायनायट्रोजन पेंटॉक्साइड तयार होतो आणि ओलसर धूलिकणांवर पाण्याशी मिळून नायट्रिक आम्ल बनतो. हवेतले नायट्रोजन ऑक्साइड असे कमी होतात. कणांत समुद्राचं मीठ असेल तर नायट्रिल क्लोराइड सुटतो. सकाळी ऊन लागलं की त्यातून क्लोरीनचा अणू मोकळा होतो, आणि तोही रॅडिकलच. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा.

दुसरा खेळाडू नायट्रस आम्ल. नायट्रोजन डायऑक्साइड भिंती, रस्ते, माती यांच्यावरच्या पाण्याच्या पातळ थरावर बदलून ते तयार होतं. फुटायला त्याला कडक अतिनील किरण लागत नाहीत, ४०० नॅनोमीटरपर्यंतचं कोवळं ऊन पुरतं. म्हणून ओझोनचा मार्ग सुरू होण्याआधीच, उजाडल्याबरोबर, शहराला दिवसाचे पहिले हायड्रॉक्सिल बहुधा इथून मिळतात.

ढगाच्या आत काय होतं?

हायड्रॉक्सिल आणि हायड्रोपेरॉक्सी, दोन्ही थेंबांत शिरतात. हायड्रोपेरॉक्सी थेंबात गेला की त्याचा काही भाग हायड्रोजन सोडून सुपरऑक्साइड आयन होतो आणि तिथे आधीच शिरलेल्या ओझोनला खातो. ढग अशा रीतीने ओझोन कमी करतात, हे योहानेस लेलिफेल्ड आणि पॉल क्रुट्झन यांनी १९९० मध्ये दाखवलं. दोन हायड्रोपेरॉक्सी भेटून बनलेला हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र पाण्यात बेसुमार विरघळतो. तो थेंबातल्या सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल करतो. आम्लवर्षेमागची ही मुख्य वाट.

पाण्याच्या बारीक थेंबांत हायड्रोजन पेरॉक्साइड आपोआप तयार होतो, हे खरं का?

वाद चालू आहे. स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेअर यांच्या गटाने २०१९ मध्ये असा दावा केला: सूक्ष्म थेंबांच्या पृष्ठभागावर तीव्र विद्युत क्षेत्र असतं, त्यामुळे हायड्रॉक्सिल सुटतात आणि दोन-दोन एकत्र येऊन पेरॉक्साइड बनतो. सौदी अरेबियातल्या एका गटाने प्रयोग पुन्हा केले, तेव्हा आसपासच्या हवेतला ओझोन काढून टाकल्यावर पेरॉक्साइड जवळजवळ दिसेनासा झाला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. निदान एवढ्यावरून वातावरणाच्या प्रतिकृतींत हायड्रॉक्सिलचा नवा स्रोत घालण्याची घाई करू नये.

‘हायड्रॉक्सिल तंत्रज्ञान’ असलेले एअर प्युरिफायर घ्यावेत का?

सेकंदभरही न टिकणारा रॅडिकल यंत्रातून निघून खोलीभर फिरेल, हे शक्य नाही. तो जवळच्या पहिल्याच सेंद्रिय रेणूला धरतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थही निघू शकतात. साधा गाळणीचा प्युरिफायर बरा.

तपांबराच्या वरच्या थरात, स्थितांबरात, तर बाष्प नसल्यातच जमा. तिथे काय?

तिथे दहा लाख रेणूंत पाण्याचे पाचेक, पण एवढंसं पाणीसुद्धा पुरतं. त्यातून आलेला हायड्रॉक्सिल ओझोनमधला एक ऑक्सिजन काढतो, हायड्रोपेरॉक्सी होतो, तो ऑक्सिजन सोडून पुन्हा हायड्रॉक्सिल होतो आणि पुढच्या ओझोनकडे वळतो. हे चक्र बेट्स आणि निकोले यांनी १९५० मध्येच मांडलं होतं. ध्रुवांवर उणे ८० अंशांच्या आसपास पाण्याचं काम बदलतं: बर्फाळ ढगांच्या कणांवर क्लोरीनची सुस्त संयुगं जागी होतात आणि वसंतात ओझोनला छिद्र पडतं.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने याचा एक अफाट प्रयोगच करून दाखवला. समुद्राखालून झालेल्या त्या उद्रेकाने सुमारे १५ कोटी टन पाणी स्थितांबरात फेकलं, म्हणजे तिथल्या एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांएवढं. सल्फर डायऑक्साइड मात्र त्या मानाने थोडा होता. वाढलेल्या बाष्पाने हायड्रॉक्सिल वाढला आणि सल्फर डायऑक्साइडचं आयुष्य नेहमीच्या निम्म्यावर आलं. सल्फेटचे कण अपेक्षेपेक्षा लवकर तयार झाले. एरवी ज्वालामुखीची चर्चा गंधकावर संपते. इथे गंधकाचं काय होणार हेच पाण्याने ठरवलं.

हवामानबदलाने बाष्प वाढतंय. मग मिथेन लवकर संपेल का?

तापमान एका अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हायड्रॉक्सिलच्या उत्पादनाला हातभार लागतो हे खरं. पण मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड वाढले की तेच हायड्रॉक्सिल खातात. या ओढाताणीत बाष्पाच्या भरवशावर मिथेनची काळजी सोडून देता येणार नाही.

वरचे आकडे माझ्या गावासाठी काढायचे असतील तर?

नुसती सापेक्ष आर्द्रता उपयोगाची नाही. आठ अंशांवरची ८० टक्के आणि ३० अंशांवरची ८० टक्के यांत बाष्पाचा साडेतीन-चार पट फरक असतो. आधी त्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब (हवा बाष्पाने पूर्ण भरली की बाष्पाचा होणारा दाब) कोष्टकातून घ्या. ३० अंशांना तो ४२ हेक्टोपास्कलच्या जवळपास. त्याला आर्द्रतेने गुणा: ८० टक्क्यांना ३४ हेक्टोपास्कल. हवेचा दाब साधारण हजार हेक्टोपास्कल धरला की बाष्प ३.४ टक्के, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे ८ वर सतरा शून्यं इतके पाण्याचे रेणू. हायड्रोपेरॉक्सीच्या गुणकासाठी ३० अंशांना या संख्येला २ भागिले १० चा अठरावा घात याने गुणून त्यात १ मिळवा. उत्तर २.६ येईल. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी धरायला विसरू नका, नाहीतर बाष्पाची टक्केवारी चुकेल.